कण्हेरीचा रविवार

सासऱ्यांच्या खिशात फुलं सापडायला लागली तेव्हा सुरुवातीला तिला बरंच वाटलं होतं. निदान माणूस बाहेरून काहीतरी आठवणीने घरी आणतोय. मग ज्यांची ती फुलं होती ती माणसं दारात यायला लागली, आणि बरं वाटणं तिथेच संपलं.

सासरे जन्मभर कुलपं दुरुस्त करत आले होते. आता त्यांना मुलाचं नाव आठवायचं नाही, जेवलो की नाही ते आठवायचं नाही, पण बोटं काहीच विसरली नव्हती. फाटकाची कडी, खिट्टी, साखळी, साधंसुधं कुलूप, काहीही त्यांच्यापुढे टिकायचं नाही. कुणाच्याही बागेत शिरायचे, हाताला लागतील ती फुलं तोडायचे, कोटाच्या खिशात कोंबायचे आणि फाटक नीट लावून बाहेर पडायचे. ही फाटक लावण्याची शिस्त मात्र कधी चुकली नाही.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. ती दुकानात असताना खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली बाई सासऱ्यांवर एक डोळा ठेवायची. दुसरा डोळा सुईवर असायचा, आणि सासरे नेमके त्या बाजूने निसटायचे. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर. घरी आला की दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी म्हणायचा, "बाबा खराब दिसतात गं." मोठी नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती. ती फोनवर न चुकता म्हणायची, "काही लागलं तर कळव हं." लागत तर रोजच होतं. पण रोज काय कळवायचं, म्हणून हिने काहीच कळवलं नाही.

एका संध्याकाळी समोरच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दारात उभ्या राहिल्या की वर्ग भरल्यासारखा वाटायचा.

"माझे गुलाब," बाई म्हणाल्या.

"माफ करा बाई."

"मागच्या आठवड्यातही माफच केलं होतं."

माफ करा, माफ करा म्हणून म्हणून त्या शब्दांची पार चव गेली होती. बाई गेल्यावर ती ओट्यापाशी उभी राहिली. सासऱ्यांनी खिसे रिकामे केले होते, ओट्यावर गुलाबांचा ढीग पडला होता. फेकायचा म्हटला तर हात धजेना. तिने पाकळ्या धुतल्या, फडक्यावर पसरल्या, प्रत्येकीचं देठाकडचं कडू पांढरं टोक कात्रीने उडवलं आणि उरलेलं साखरेत चुरलं. साखर गुलाबी झाली. लोणी आणि ती साखर हलकी होईपर्यंत फेसली, मैदा घातला, चिमूटभर मीठ घातलं, गोळे चपटे करून ट्रेमध्ये लावले. तिचा ओव्हन एका बाजूने जास्त तापायचा, म्हणून ट्रे मधेच फिरवावा लागायचा. पहिल्या खेपेला ती खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली आणि निम्म्या कुकीज करपल्या. उरलेल्या निम्म्या तिने दुसऱ्या दिवशी बाईंना नेऊन दिल्या.

बाईंनी पुडी उघडून वास घेतला. "म्हणजे माझेच गुलाब मला खायला घालतेस."

"हो," ती म्हणाली. "परत चिकटवता येत नव्हते."

बाई हसल्या नाहीत, पण पुन्हा तक्रारीलाही आल्या नाहीत.

मग ते सुरूच झालं. कुणाची फुलं आली की त्या घरी कुकीज जायच्या. जास्वंदीने किंचित आंबटपणा यायचा. लॅव्हेंडर कोपऱ्यावरच्या कर्नलचं. हा कर्नल आयुष्यात कधी सैन्यात नव्हता. पोस्टात होता. पण ताठ चालायचा आणि बोलायचा तो हुकूम सोडल्यासारखा, म्हणून गल्लीने त्याला कर्नल करून टाकलं होतं. पहिल्यांदा लॅव्हेंडर चोरीला गेलं तेव्हा तो फाटकातून असा काही गरजला होता की शिवणकामवालीच्या हातून सुई निसटून बोटात गेली. लॅव्हेंडर अगदी बेताने घालावं लागतं, जरा जास्त झालं की साबण खाल्ल्यासारखं लागतं. तिने दुसऱ्या प्रयत्नात ते जमवलं. कर्नलने पुडी घेतली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तो ओरडला नव्हता.

तिला काही या कुकीज करण्याची हौस नव्हती. दिवसभर बारीक काम करून डोळे चुरचुरायचे, पाय भरून यायचे, आणि वर हे. पण त्यात एक सोय होती. पाकळ्या वेगळ्या करायला बसवलं की सासरे तासभर शांत बसायचे. कुलपातली स्प्रिंग काढावी तशी एकेक पाकळी अलगद सोडवायचे आणि वाटीत ठेवायचे. त्या तासात ते कुठे जायचे नाहीत, काही विचारायचे नाहीत. त्या तासासाठी तिने कशाच्याही कुकीज केल्या असत्या.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. एका गिऱ्हाइकाची काच तिच्याकडून दोनदा चुकली, मालकाने चारचौघांत ऐकवलं. ती घरी आली तेव्हा डोळ्यांसमोर सगळं धुरकट झालं होतं. सासऱ्यांनी आपणहून पाकळ्या सोडवून, धुऊन, वाटी भरून ठेवली होती. गुलाबी पाकळ्या, काही फिक्या, काही गडद. तिला इतकं हायसं वाटलं की तिने वाटी तशीच साखरेत उपडी केली.

रविवारी सकाळी चहाबरोबर सासऱ्यांनी तुटक्या कुकीज खाल्ल्या, तिनेही एक खाल्ली. मग ती तीन पुड्या घेऊन बाहेर पडली. एक बाईंना, एक कर्नलला, एक शिवणकामवालीला, एक डोळा ठेवल्याबद्दल. परत येऊन तिने सासऱ्यांचा कोट धुवायला घेतला. आतल्या खिशात हात घातला तर काहीतरी टोचलं.

लांब, अरुंद, चिवट पानं. त्यांच्यात चुरगळलेलं एक गुलाबी फूल.

कण्हेर ओळखायला डोळे लागत नाहीत. लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेलं असतं की त्या झाडाला हात लावू नये, लावला तर धुवावा. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली.

"बाबा, हे कुठलं?"

सासऱ्यांनी फुलाकडे आदराने पाहिलं. "फूल आहे, सूनबाई."

"ते दिसतंय मला. काल वाटीत काय काय घातलंत? असली फुलं घातलीत?"

"फुलं वाटीतच घालायची ना?"

"बाबा, नीट आठवा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घातल्या, ओठ हलवले, मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिला आपण विचारल्याचीच लाज वाटली.

रविवारीही उघडा असणारा एक दवाखाना रस्त्याच्या टोकाला होता. तिने फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले वगैरे नाहीत. "घातलंय की नाही ते माहीत नाही, म्हणजे घातलंय असं धरायचं," ते म्हणाले. "भाजल्याने ते विष जात नाही. वाटलेलं सगळं गोळा करा. ज्यांनी खाल्लंय त्यांना घेऊन ताबडतोब या. तुम्हीसुद्धा."

नवऱ्याचा फोन लागला नाही. मग तिने नणंदेला लावला. पलीकडून "काही लागलं तर" सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "ताई, लागलंय. या." आणि फोन ठेवला. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

सासऱ्यांना एकटं सोडता येत नव्हतं. त्यांचा हात धरून ती दारोदार निघाली.

शिवणकामवालीने पुडी उघडलीच नव्हती. "पाहुणे येणारेत, त्यांच्यापुढे ठेवीन म्हटलं," ती म्हणाली, आणि कारण ऐकल्यावर पुडी चिमटीत धरून अशी परत केली की जणू आतून काही चावणार आहे.

शिक्षिकाबाईंनी तिला थेट आत नेलं आणि कपड्यांचं कपाट उघडलं. साड्यांच्या थरांमध्ये पुड्याच पुड्या. गेल्या कित्येक महिन्यांच्या.

"मला साखर आहे गं," बाई जराशा खजील होऊन म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय. पण वास फार छान येतो. कपड्यांना लागतो."

ती त्या पुड्यांकडे बघत राहिली. बाईंच्या पुड्यांसाठी किती वेळा ट्रे फिरवला होता, किती वेळा बोट भाजलं होतं. हसावं की रडावं ते कळेना, आणि दोन्हीपैकी कशालाच अंगात त्राण नव्हतं. तिने सकाळची पुडी शोधून घेतली.

"मुंग्या नाही लागल्या?" एवढंच तिने विचारलं.

"कापूर ठेवलाय ना."

कर्नलच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिला वाटायला लागलं होतं, सुटलो बहुतेक. कोण खातंय आपल्या कुकीज? कर्नलने दार उघडलं. शर्टावर चुरा होता.

"संपल्या," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"मग काय दर्शनाला ठेवायच्या?"

तिने सांगितलं. एका दमात, खाली बघून. कर्नल ऐकत राहिला. ती आता त्याच्या गरजण्याची वाट बघत होती. तो आत गेला, बूट घालून, शर्ट बदलून बाहेर आला आणि कुलूप लावायला लागला. किल्ली भोकात नीट बसेना. सासऱ्यांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि किल्ली त्याला परत दिली.

"चला," कर्नल म्हणाला. "विषबाधा तर विषबाधा. रविवारी नाहीतरी मला काही काम नसतं."

दवाखान्यात तिघांच्याही छातीला तारा लावून हृदयाचे आलेख काढले. सिस्टर ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई होती. तिने पोटात दुखतंय का, मळमळतंय का, डोळ्यांपुढे पिवळं दिसतंय का, सगळं विचारलं. सासऱ्यांनी प्रत्येक प्रश्नाला "आभारी आहे" असं उत्तर दिलं. आतापर्यंत सगळं ठीक होतं, पण डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत इथेच थांबायचं. मधून मधून नाडी बघत राहू.

मागच्या खोलीत खाटा होत्या. कर्नल एकीवर ताठ बसला. सासरे खिडकीपाशी. ती भिंतीला टेकून उभी राहिली, एक नजर सासऱ्यांवर, एक दारावर.

"तू का उभी?" सिस्टरने विचारलं.

"यांच्याकडे बघायला कुणीतरी लागतं."

"तू पेशंट आहेस. आडवी हो."

"पण ते दार उघडून..."

"मी आहे ना. आडवी हो म्हटलं ना."

ती आडवी झाली. चादर धुतलेली, कडक, कुणीतरी दुसऱ्याने घातलेली. सिस्टरने तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. कुणीतरी आपला हात धरून आपल्यासाठी थांबलंय, एवढंच तिला जाणवलं. छताचा पंखा दिसत होता. आपण आता मरू शकतो असं तिच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ आलं की मेलो तरी निदान आडव्या स्थितीत मरू. मग ती झोपली.

झोपली ती अशी की तिला जागं करून नाडी बघायची तर सिस्टरला दोन हाका माराव्या लागत. डोळे उघडायची, "मळमळत नाही" म्हणायची आणि पुन्हा गडप व्हायची. मधे एकदा तिला कर्नलचा आवाज आला. तो हळू बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"ओरडलो होतो मी, आठवतंय का तुम्हाला?" तो सासऱ्यांना विचारत होता. "बायको गेल्यावर ती बाग मीच तोडून टाकणार होतो. तिची होती. मला झाडातलं काय कळतंय? लॅव्हेंडर खातात हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"आभारी आहे," सासरे म्हणाले.

"हं. आता कडी नुसती अडकवून ठेवतो मी. तुम्हाला त्रास नको."

ती पुन्हा झोपेत उतरली.

नणंदेच्या आवाजाने तिला खरी जाग आली. शिवणकामवालीकडून सगळं कळून आलेली नणंद दारात उभी होती, खांद्याला पर्स, चेहरा लाल. "बाबांना विष घातलंस तू? कण्हेर? अगं कुणाला कळत नाही कण्हेर?"

ती उठून बसली. अशा वेळी काय बोलायचं ते तिला पाठ होतं. माफ करा, ताई. चुकलं, ताई. तोंड उघडलं तर ते आलंच नाही.

"ताई, मी थकलेय," ती म्हणाली. "मला पाकळी दिसली नाही. मला आता संध्याकाळी काहीच दिसत नाही. बाबांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"मी फोन करते."

"फोनवर ते दिसत नाहीत."

कर्नल छताकडे बघायला लागला. नणंदेने काहीतरी बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात सिस्टर आत आली. तिच्या हातात एक उघडं पितळी कुलूप होतं.

"यांनी काय केलंय माहितीये का?" ती सासऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाली. "स्टोअरच्या कपाटाची किल्ली कधीची हरवलीये. आम्ही कपाट फोडायला माणूस बोलावणार होतो. मी पाच मिनिटं इंजेक्शन द्यायला गेले, आणि हे कपाट उघडून त्याच्यापुढे पहारा देत उभे."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. ओळखलं असं नाही, पण कुणीतरी आपलं आलंय एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. नेहमीचा कोट घरी धुवायला पडला होता, अंगात दुसराच होता, रिकामा. त्यांनी रिकामा हातच तिच्यापुढे धरला, ओंजळीत काही असल्यासारखा. नणंदेने तो हात धरला आणि ती खाटेच्या कडेला बसली. पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली ती तिने उचललीसुद्धा नाही.

"किती वाळलेत," ती म्हणाली.



संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा आलेख काढले आणि सगळ्यांना घरी सोडलं. कुणालाही काही झालं नव्हतं. वाटीत कण्हेर होती की नव्हती ते कधीच कळलं नाही. तिने गोळा केलेल्या पुड्या डॉक्टरांनी बंद पिशवीत घालून टाकून दिल्या. ट्रक परत आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकलं, आणि पुढची लांबची फेरी त्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातली. त्याच्या पुढची मात्र त्याला घ्यावीच लागली.

कुकीज बंद झाल्या. पाकळ्या सोडवण्याचा तो एक तासही त्यांच्याबरोबर गेला, आणि तो भरून काढायला तिला दुसरं काही सापडलं नाही. जुनी, बिनकामाची कुलपं आणून दिली तर सासरे ती क्षणात उघडायचे आणि दाराकडे निघायचे. कर्नल दोन-चारदा फाटकाशी भेटला. एकदा म्हणाला, "नुसत्याच कर. बिनफुलांच्या." ती "बघू" म्हणाली, आणि दोघांनाही कळलं की ती करणार नाही.

नणंदेने त्या दिवशी दवाखान्यातच सांगितलं होतं की शुक्रवार ते रविवार बाबा माझ्याकडे. हिला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पण पुढच्या शुक्रवारी दुपारी ती गाडी घेऊन आली. सासरे गाडीत बसताना सूनबाईला म्हणाले, "तुम्ही कुठे उतरणार?" ती म्हणाली, "मी मागाहून येते, बाबा." गाडी गेली. ती वर आली. त्या तीन दिवसांत काय काय करायचं ते तिने मनात योजून ठेवलं होतं. कपाटं आवरायची, पडदे धुवायचे, डोळे तपासून घ्यायचे. त्यातलं काहीच झालं नाही. ती झोपली, उठून पाव खाल्ला, पुन्हा झोपली. शनिवारी दुकानात तिला पेंगताना बघून मालकाने विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे, म्हणूनच.

रविवारी दिवस मावळायला नणंद त्यांना परत घेऊन आली. तिचे केस विस्कटलेले, एका हाताला बँडेज होतं. सासरे दमून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी डोळे मिटले. दोघी त्यांच्यापुढे खाली बसल्या. एकीने एक बूट काढला, दुसरीने दुसरा.

"शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले," नणंद हळू म्हणाली. "तिथलं दार कुणालाच उघडत नव्हतं इतकी वर्षं. मी मागे धावले आणि जिन्यावर पडले."

"लागलं का फार?"

"नाही." तिने बूट भिंतीशी नीट लावून ठेवला. "काल सबंध रात्र जागी होते मी. कानोसा घेत. आणि तू हे रोज..."

एरवी हिने म्हटलं असतं, असू दे ताई, सवय झालीये. या वेळी तिने तसं म्हटलं नाही. सवय झाली नव्हती.

"टेका जरा," ती म्हणाली.

नणंद भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसली. तीही शेजारी बसली. चहा करायला कुणी उठलं नाही. सासरे झोपेत बोटं हलवत होते, आणि त्या दोघी पाय पसरून त्यांच्याकडे बघत बसल्या.